बाळंतिणीची सुई

आलेल्या माणसाला उठवून बाहेर काढणं आमच्यात होत नाही. माणूस दारात आला की आत येतो, खुर्ची ओढतो, कॉफी पितो आणि त्याला वाटेल तेव्हा जातो. त्याला ऊठ म्हणायचा हक्क कुणाला नाही, पाद्र्यालाही नाही. आणि त्या एल्सपा नावाच्या नर्सनं रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याच्या खोलीतून हाइनीला, त्याच्या बायकोला आणि डोंगरावरच्या दोन गड्यांना सरळ बाहेर काढलं. सुन्नेवाच्या, म्हणजे हाइनीच्या बायकोच्या, हातात केकचं ताट होतं. त्यावर ही म्हणते कशी, "ताट राहू दे इथंच, मी फ्रीजमध्ये ठेवते." म्हणजे माणसं नकोत, केक चालेल.

एवढ्यावर थांबली असती तर मी गिळलंही असतं. पण ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "माल्विनामावशी, तुम्हीसुद्धा."

मीसुद्धा! ज्या माणसाच्या मोज्याला कुठल्या बोटाशी भोक पडतं हे मला अंधारात सांगता येतं, त्याच्या खोलीतून मी बाहेर. मी हानुसकडे पाहिलं. वाटलं, तो म्हणेल, तिला राहू दे. तो छताकडे बघत राहिला.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी आमच्या गावच्या मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या होत्या. फॅरो बेटांवर ऑक्टोबर आला की गावोगाव हेच चालतं. डोंगर सगळ्यांचा, मेंढ्या सगळ्यांच्या, पण त्या दिवशी डोंगरावर हुकूम एकाच म्होरक्याचा चालतो, आणि आमच्याकडे तो हानुसचा. त्याच्या आधी त्याच्या बापाचा होता. माणसांची रांग कुठून धरायची, कुत्री कधी सोडायची, कुठल्या घळीत धुकं अडकतं, सगळं तो शिट्टीवर सांगतो. हाइनी त्याच्या उजव्या हाताला चालतो आणि हानुसचे गुडघे कधी थकतात याची वाट बघतो. माणूस वाईट नाही हाइनी. पण वाट बघतो.

ओल्या गवतावरून हानुसचा पाय सुटला आणि तो खालच्या खडकावर डाव्या कुशीवर आदळला. उठला. मेंढ्या कोंडवाड्यात जाईपर्यंत चालला. मग कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "जरा दम खातो." ओठ निळे पडले होते. त्याला गाडीत घालून बोगद्यातून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं तेव्हा कळलं, डाव्या बाजूच्या फासळ्या ओळीनं मोडल्यात, काही तर दोन जागी. खालचं फुप्फुसही ठेचलंय.

डॉक्टरीणबाई डेन्मार्कच्या. उंच, पायात लाकडी खडावांसारखं काहीतरी, बोलायला स्वच्छ. त्यांनी मला बसवून सांगितलं आणि मला पटलं, कारण त्यांनी गोल गोल काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "हाडं आपली आपण जुळतील. मला भीती हाडांची नाही. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. दुखतं म्हणून खोकत नाही. मग कफ आत साचतो, फुप्फुस भरत जातं, आणि मग घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागतं. तुमच्या नवऱ्याच्या वयाचा माणूस त्या मशीनवर गेला की परत येईलच असं मी म्हणू शकत नाही. म्हणून दुखणं कमी करायचं. आराम पडावा म्हणून नव्हे. खोकता यावं म्हणून."

मी म्हटलं, "समजलं."

हानुसच्या हाताशी एक बटण दिलं होतं. ते दाबलं की खाटेजवळच्या पंपातून दुखण्याचं औषध थोडं थोडं शिरेत जातं. कितीही वेळा दाबा, ठरवून दिलंय त्यापेक्षा थेंबभर जास्त देत नाही, असं एल्सपा म्हणाली. आणि ती येऊन सारखी एकच गोष्ट विचारायची. "हानुसकाका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता किती?"

"दोन," हानुस म्हणायचा.

खाटेभोवती डोंगरावरची माणसं बसलेली. हाइनी मान डोलवायचा. "ऐकलंत? एवढ्या फासळ्या मोडून दोन." आणि खरं सांगायचं तर मलाही ते ऐकून बरंच वाटायचं. आमच्या घरात कुणी कण्हत नाही. मी ते घर तसंच चालवलंय.

आणि तिसऱ्या की चौथ्या 'दोन'नंतर त्या मुलीनं सगळ्यांना बाहेर काढलं.

बाहेर बोळात खुर्च्या होत्या, तिथं बसलो. डोंगरावरचे दोघे गडी खाली सिगारेट ओढायला गेले. सुन्नेवानं पिशवीतून विणकाम काढलं.

"मला काढलं," मी म्हणाले.

"तुला काढणारी अजून जन्माला यायची आहे असं मी समजत होतो," हाइनी म्हणाला.

"आली. सांदोय बेटावरची आहे ती."

"तरीच. तिकडं नुसते बटाटे. बटाट्यांशी बोलून बोलून वळण बिघडतं माणसाचं. बटाटा उलट बोलत नाही ना."

"तिच्या आजीला मी ओळखायचे," सुन्नेवा विणता विणता म्हणाली. "तीही अशीच. चर्चमध्ये माझ्या सासऱ्याला म्हणाली, पाय आवर."

"तुझ्या सासऱ्याला कुणीतरी म्हणायलाच हवं होतं," मी म्हणाले. हाइनी हसला. बाप त्याचाच, तरी हसला. म्हणून म्हणते, माणूस वाईट नाही.

एल्सपा बाहेर आली. मी उठले.

"काय म्हणाला?"

"आकडा सांगितला त्यांनी."

"किती?"

"ते मी नाही सांगणार, मावशी. सांगू नकोस म्हणालेत."

"कुणाला सांगू नकोस?"

डोळे खाली घातले नाहीत तिनं, हे मी पाहून ठेवलं. "तुम्हाला."

माझ्या तोंडून त्यावर जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सांदोय बेटाचा, त्यावरच्या वाळूचा आणि तिच्या आजीचा त्यात उल्लेख होता. सुन्नेवाच्या सुया थांबल्या. एल्सपानं सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या कोपराला धरून मला हाइनीपासून दूर नेलं आणि हानुसच्या बंद दारापाशी उभं केलं.

"ऐका," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय ऐकू?"

"नुसतं ऐका."

आतून टिटवी ओरडावी तसा छोटासा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा.

"ते बटण," एल्सपा म्हणाली. "दाबलं की पंप वाजतो. आम्हाला कळावं म्हणून वाजतो तो. मगाशी तुम्ही कॉफीला खाली गेलात आणि ही मंडळी अजून यायची होती, तेव्हाही असाच वाजत होता. तुम्ही आलात आणि थांबला. आकडा मी सांगणार नाही, मी शब्द दिलाय. पण हे दाराबाहेरच्या कुणालाही ऐकू येतं."

मी उभी राहिले. दाराला लहानशी काच होती, तिच्यावर आतून पडदा. त्या आवाजात काही नव्हतं, नुसता एक आवाज. पण मी तो ऐकला आणि मला दिसलं, की मी बाजूला बसलेली असताना तो माणूस पांघरुणाखाली हात कसा मुठीत धरून पडला असेल.

"मग घेतोय ना औषध," मी म्हणाले. "दाबू दे. मी बसते इथंच. रात्रभर बसते."

"तेवढ्यानं भागणार नाही. ते औषध जास्त गेलं की गुंगी येते आणि श्वास आणखी मंदावतो. कमी गेलं की खोकता येत नाही. डॉक्टरांना पाठीत बारीक नळी घालायचीय, फासळ्यांकडून येणाऱ्या नसा बधिर करायला. मग माणूस जागाही राहतो आणि दुखतही नाही."

"मग घाला."

"नको म्हणतायत."

"का?"

एल्सपानं हाइनीकडे पाहिलं. तो अर्थातच मान इकडे करून बसला होता. ती आणखी हळू बोलली. "त्यांनी विचारलं, बाळंतिणींना देतात तीच का ही सुई. डॉक्टर खरं बोलल्या."

आता हे बाहेरच्या माणसाला हसण्यावारी न्यावंसं वाटेल. आमच्याकडे माणसावर गाणं रचतात. कुणी फजिती करून घेतली, कुणी बोट उलटवली, कुणी बायकोला घाबरून माळ्यावर लपला, की हिवाळ्यात त्याचं गाणं होतं. मग सगळं गाव हातात हात धरून गोल नाचत ते म्हणतं, आणि ज्याचं गाणं त्याला मध्ये उभं राहून ऐकावं लागतं. हाइनीच्या घराण्यात ती कला आहे. त्याच्या आज्यानं रचलेली आम्ही अजून नाचतो, आणि ज्यांच्यावर रचली ती माणसं मातीत जाऊन किती वर्षं झाली. डोंगराच्या म्होरक्यानं मेंढ्या उतरवायच्या दिवशी घसरून पडून बाळंतिणीची सुई घेतली, म्हटल्यावर हाइनीला यमकंसुद्धा शोधावी लागली नसती. आणि ज्याच्यावर ते गाणं झालं त्याच्या शिट्टीवर पुढच्या ऑक्टोबरात कोण हललं असतं?

हानुस त्या मशीनवर जायला तयार होता. त्या गाण्यात जायला नव्हता.

डॉक्टरीणबाई बोळाच्या टोकाकडून आल्या. म्हणाल्या, मी आणखी एकदा बोलून बघते, पण फार वेळ नाही, तो दमत चाललाय. मी म्हटलं, आधी मी जाते.

"होकार त्यांचाच लागेल," त्या म्हणाल्या. "तुमचा मला चालणार नाही."

"मला माहीत आहे कुणाचं काय चालतं ते."

दाराशी एल्सपा म्हणाली, "मावशी, किती दुखतंय ते विचारू नका."

"मी कुणाला काही विचारत नाही, पोरी. मी सांगते."

आत गेले तर हात पांघरुणाखाली गेलेलाच होता. नाकाशी प्राणवायूची नळी, चेहरा राखेसारखा, आणि छाती अशी हलत होती जशी झोपलेल्या कुत्र्याची हलते, वरच्या वर. मी खाटेकडे गेले नाही. खिडकीपाशी गेले आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. बंदरात मालाचं जहाज लागत होतं.

"मेंढ्या कोंडवाड्यात आहेत," मी म्हणाले. "कापायला झाल्यात."

"हाइनी," तो म्हणाला. एका श्वासात एकच शब्द बसत होता. "कापेल."

"हाइनी आतडं फोडतो. गेल्या वर्षीची त्याची ती मांडी आठव. वाऱ्याच्या खोपीत सगळ्या गावाचं मांस वाळत टांगलेलं, आणि माश्या फक्त त्याच्या मांडीवर. सुन्नेवानं नाताळात तीच शिजवली आणि पाद्री दोनदा प्रार्थना म्हणाला, एकदा जेवणाआधी आणि एकदा पहिल्या घासानंतर."

त्याला हसू आलं. मग मागून आवाज आला तो हसण्याचा नव्हता. मी जहाजाकडे बघत राहिले. त्याचे दोर बांधून होईपर्यंत बघत राहिले. मागं पुन्हा शांत झालं तेव्हा म्हणाले, "तू ती सुई घेणार आहेस."

"बायकांची आहे ती."

"म्हणून तर चांगली असणार. इतक्या बायकांवर वापरून बघितलेली. मला कुणी दिली नाही. दिली असती तर दोन्ही हातांनी घेतली असती."

तो म्हणाला, "तू ओरडलीसुद्धा नव्हतीस. आई सांगायची. चारही वेळा."

"तुझी आई भिंतीपलीकडे विणत बसली होती, हानुस. तिच्या सुया मला ऐकू यायच्या. टिक टिक टिक. मी तोंड उघडलं असतं तर त्या थांबल्या असत्या. चारही बाळंतपणांत मी त्या सुया चालू ठेवल्या, दुसरं काही केलं नाही."

मी अजून खिडकीकडेच तोंड करून होते. जे बोलले ते जहाजाला बोलले असं समजा.

मग तो म्हणाला, "हाइनी गाणं करील."

"करू दे. माझ्यावर करील. मी आता बाहेर जाऊन सांगणार आहे की तू नाहीच म्हणत होतास, आणि मी हुकूम सोडला. तुला काही बोलायला जागाच ठेवली नाही म्हणून सांगेन."

तो विचार करत होता. मला त्याच्या विचार करण्याचाही आवाज कळतो.

"पटेल," तो म्हणाला, "लोकांना."

"पटेलच. फक्त डॉक्टरांना 'हो' तुला म्हणावं लागेल. तेवढं मला तुझ्याऐवजी म्हणता येत नाही. येत असतं तर म्हणून मोकळी झाले असते."

"पाठव," हानुस म्हणाला.

मी बाहेर आले आणि दार लावलं. खालून ते दोघे गडीही परत आले होते, बरंच झालं. बोळाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा आवाज काढला. "डॉक्टर! तो पाठीत सुई घेतोय. मी सांगितलंय म्हणून घेतोय. मला तो माणूस उभा हवाय, आडवा मला उपयोगाचा नाही. आणि हाइनी, ती बाळंतिणींचीच सुई आहे, तुला पुढं कुणी सांगण्याआधी मीच सांगते. तो शेवटपर्यंत नाही म्हणत होता. गाणं रचायचं असेल तर माझ्यावर रच. कडवी कमी पडणार नाहीत."

गडी आपापल्या बुटांकडे बघायला लागले. हाइनीनं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "बिचारा हानुस," तो मनापासून म्हणाला. "खडकातून वाचला आणि तुझ्या हातात सापडला."

"तुझ्यावर रचायची माझ्या आज्याचीसुद्धा छाती झाली नसती," असंही म्हणाला. ते मी मानाचं म्हणून घेतलं.

डॉक्टरीणबाई, एल्सपा आणि आणखी एक नर्स आत गेल्या. मी बाहेरच बसले. या वेळी मला कुणी काढलं नव्हतं, मी आपणहून बसले. सुन्नेवा पुन्हा विणायला लागली. तिला काय माहीत, पण मी तिला म्हटलं, "ते ठेव जरा बाजूला." तिनं ठेवलं.

नळी घालून झाली, औषध चढायला वेळ दिला, आणि मग एल्सपानं दार उघडून मला खुणेनं आत बोलावलं. हानुस खाटेवर बसता केलेला होता, पोटाशी उशी घट्ट धरून. चेहऱ्यावरची राख गेली होती. इतकं सगळं होऊन तो मला जरा ओशाळल्यासारखा दिसला.

"हानुसकाका," एल्सपा म्हणाली, "आकडा नको मला. उशी छातीशी दाबा, खोल श्वास घ्या आणि खोका. मनापासून खोका. समोरच्या डोंगरावरच्या कुत्र्याला ऐकू गेलं पाहिजे."

त्यानं श्वास घेतला. कालपासून पहिल्यांदा त्याचे खांदे वर गेले. आणि तो खोकला. तळापासून आलेला, ओला, अगदी किळसवाणा खोकला. मी आयुष्यात त्याचं इतकं चांगलं काही ऐकलं नव्हतं. एल्सपानं भांडं पुढं धरलं, आत पडलं ते तपकिरी होतं, आणि चांगला मासा गळाला लागल्यावर माणूस बघतो तसं ती त्याकडे बघत होती.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा खोकला. मग म्हणाला, "जरा कमी आहे आता." आणि स्वतःच पुढं म्हणाला, "तीन."

'दोन' म्हणणाऱ्या माणसानं सगळं उतरल्यावर 'तीन' म्हणावं! मी, एल्सपा आणि डॉक्टरीणबाईंनी एकमेकींकडे बघितलं.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, धोका टळला असं आज नाही म्हणणार, पुढचे काही दिवस असंच खोकत राहायला हवं, रोज उठवून चालवायला हवं. पण नळी घशात घालायची वेळ आज तरी दिसत नाही. हाइनी आणि मंडळी शेवटच्या गाडीच्या आधी निघून गेली, कोंडवाड्यातल्या मेंढ्यांना बघायला हवं होतं. संध्याकाळचा उजेड असतानाच हानुसला झोप लागली. मी खुर्चीत बसून त्याची छाती बघत होते. दोन्ही बाजूंनी वर येत होती. डावी जरा मागून, पण येत होती.

एल्सपाची पाळी संपली. ती कोट घालून पुढच्या नर्सला सगळं समजावून सांगून जायला निघाली, तेव्हा मी तिला हाक मारली. ती दारातच थांबली. चेहरा असा, की सांदोयची वाळू आणि आजी पुन्हा ऐकायची तयारी केलीय. हानुस जागा होणार नाही इतपत आवाज ठेवून मी तिला म्हणाले:

"एल्सपा, तू उद्धट आहेस. पाहुण्यांना उठवलंस ते चुकलं, आणि बायकोला नवऱ्याच्या खोलीतून काढलंस ते त्याहून चुकलं, हे मी तुझ्या आजीच्या तोंडावरही म्हटलं असतं. ही खोड सोडू नकोस. आणि मी कधी इथं येऊन पडले, तर मला तुझ्याकडेच द्यायला सांग, आणि काही विचारायच्या आधी हानुसला बाहेर काढ. दाराशीसुद्धा उभा राहू देऊ नकोस. त्याचे कान चांगले आहेत."